घोडे, सारथी आणि रथाचा मालक

माउली, आपण सहज म्हणतो, ‘माझं मन असं म्हणतं.’ पण आत बोलणारे तिघे असतात. ओढ म्हणते, ‘हवं.’ बुद्धी म्हणते, ‘असं केलं की मिळेल.’ आणि तिसरी असते टोचणी. ती एवढंच विचारते, ‘हे बरं का?’

कठोपनिषदात यमधर्मानं नचिकेताला रथाचा दृष्टांत दिला. शरीर हा रथ, इंद्रियं घोडे, मन लगाम, बुद्धी सारथी आणि आत बसलेला आत्मा हा मालक. आता घोडे वाईट का? मुळीच नाही. घोड्यांवाचून रथ हलेल कसा? लेकरू विहिरीच्या काठाशी गेलं, की आईचा हात विचाराच्या आधी धावतो. तीही ओढच, देवानं दिलेली. पण हेच घोडे हिरवं गवत दिसलं की वाट सोडतात.

मग सारथी हुशार असला म्हणजे झालं? इथंच फसगत आहे बघा. आषाढीला पंढरपुरात तुम्ही दर्शनबारीत उभे आहात. पाय भरून आलेत. पुढं एक ओळखीचा दिसतो. ओढ म्हणते, ‘घुसावं.’ बुद्धी लगेच वकीलपत्र घेते, ‘आपल्याला एस.टी. गाठायचीय, एका माणसानं काय फरक पडतो?’ तेवढ्यात मागं रात्रीपासून उभी असलेली म्हातारी दिसते आणि आत काहीतरी टोचतं.

खूण लक्षात ठेवा. ओढीला घाई असते. सबब लांबलचक असते. टोचणी मात्र थोडक्यात आणि हळू बोलते. तिला दर वेळी दाबलं, तर ती बोथट होते, आणि मग चूकसुद्धा हुशारी वाटायला लागते.

सारथ्यानं मागं वळून मालकाला विचारावं, ‘जायचं कुठं?’ त्याचंच नाव विवेक. यमधर्म सांगतो, गोड लागतं ते प्रेय आणि हिताचं ते श्रेय. दोन्ही माणसापुढं येतात, निवड त्यानं करायची. म्हणून ओढ अनावर झाली, की आधी एकदा शांतपणे ‘विठ्ठल’ म्हणा. तेवढ्या वेळात लगाम हातात येतो.

ज्याचा सारथी विवेकी आणि लगाम हातात, तो विष्णूच्या परमपदाला पोचतो, असं उपनिषद सांगतं. आपणही त्याच्याच दारात उभे आहोत. ती पुढची जागा म्हातारीच्या आधीची नाही, माउली. आपल्या जागी उभे राहा आणि नाम घ्या. रामकृष्ण हरी.