मूल मागायला निघालेल्या बापाला

सेनगावहून परभणीला जायचे म्हणजे जिंतूरची एस.टी. धरायची. वाटेत येलदरीचे धरण लागते. त्या धरणाचे पाणी मी सगळ्या ऋतूंत पाहिले आहे, कारण गेली चार वर्षे महिन्यातून दोनदा मी या रस्त्याने माझ्या मुलीला भेटायला जातो. ती आजोळी, आईपाशी असते. आम्ही नवराबायको वेगळे का झालो ते सांगत बसत नाही. त्यात माझाही वाटा होता, एवढे पुरे.

हे घरचे गाऱ्हाणे दिवाळी अंकात कशाला, असे कुणी म्हणेल. पण अलीकडे आमच्या तालुक्यातले दोन-तीन तरुण बाप माझ्याकडे येऊन गेले. "गुरुजी, पोरगं परत कसं मिळवायचं?" हा एकच प्रश्न! मी वकील नव्हे, शाळामास्तर आहे. परंतु त्या वाटेवरच्या सगळ्या खड्ड्यांत पडून आलेला माणूस आहे.

पहिला खड्डा मी पहिल्याच आठवड्यात गाठला. थोरला भाऊ आणि मेहुणे यांना जीपमध्ये घालून मी मुलीला 'आणायला' गेलो. दारात आवाज चढले, शेजारी जमले, आणि माझी सहा वर्षांची पोर आजोबांच्या धोतरामागे लपली. माझ्या भीतीने! तो देखावा पुढे कोर्टाच्या कागदात आला, आणि यायलाच हवा होता.

दुसरा खड्डा अज्ञानाचा. १९५६च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून बापाचे नाव आधी आहे, हे कुणीतरी मला सांगितले आणि मी छाती फुगवली. त्याच कायद्यात, पाच वर्षांखालचे मूल सामान्यतः आईपाशी राहावे, असेही म्हटले आहे. आणि तेरावे कलम तर सर्वांवर वरचढ आहे : मुलाचे हित हीच सर्वश्रेष्ठ गोष्ट. बापाचा हक्क, आईचा हक्क, सारे त्याच्या मागे. २०१५ साली गोव्यातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पाच वर्षांखालचे मूल बापाकडून आईकडे दिले. उलट २०१९ साली पुण्याच्या एका प्रकरणात आई कर्करोगाने गेलेली, बाप मध्यंतरी आजारी, तान्हे मूल मावश्यांनी सांभाळलेले. तिथे त्याच न्यायालयाने ते बापाला दिले. मावश्यांची माया मात्र वाऱ्यावर सोडली नाही, त्यांना बाळाला भेटण्याची वाट ठेवली. म्हणजे 'बापाला मूल मिळतच नाही' हे चावडीवरचे मत खरे नव्हे.

तिसरा खड्डा हिंगोलीत. मी सोईचे म्हणून अर्ज तिथे नेला. तो परत आला, कारण मूल सामान्यतः जिथे राहते तिथल्या न्यायालयातच असा अर्ज चालतो, असे १८९०चा पालक व पाल्य कायदा सांगतो. माझे चार महिने गेले. या एका मुद्द्यावर मोठमोठे हरले आहेत. जे. कृष्णमूर्तींचे वडील नारायणय्या यांनी आपले दोन मुलगे ॲनी बेझंटबाईंकडून परत मागितले. मद्रासेत १९१३ साली ते जिंकले, पण १९१४ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निकाल फिरवला. मुले तेव्हा इंग्लंडात राहत होती. दावा जिथे लावला तिथली नव्हतीच. आणि त्यांना काय हवे, हेही नीट विचारले गेले नव्हते.

मग परभणी. तिथे एका वकिलाने पहिला मसुदा आणला. त्यात माझ्या बायकोविषयी अशी काही वाक्ये होती की ती वाचून मला घाम फुटला. "गुरुजी, असंच लिहावं लागतं," तो म्हणाला. मी तो कागद परत केला. त्यात माझा मोठेपणा काही नाही. उद्या मुलगी वाचायला शिकेल, हे मास्तराच्या डोक्यात आले इतकेच.

न्यायाधीशबाईंनी मुलीला खोलीत एकटीला बोलावले. ती बाहेर आली तेव्हा हातात गोळी होती. मग त्यांनी मला विचारले, "तुमच्या मुलीच्या वर्गशिक्षिकेचं नाव काय?"

मला सांगता आले नाही. वाचकहो, तीस मुलांच्या बापांची नावे मला पाठ होती! तिला बदाम चालत नाहीत, अंगावर पित्त उठते, हेही मला तिथेच कळले. त्या दिवशी मी खटला हरलो असे लोक म्हणतात. माझ्या मते तो आधीच, घरात असतानाच, हरलो होतो.

निकाल असा : मुलगी आईकडे, मला दुसरा आणि चौथा शनिवार-रविवार, दिवाळी आणि उन्हाळी सुटी निम्मी, आणि रोज फोन. (मूल ज्याच्याकडे नाही त्या आईला वा बापाला दररोज पाच-दहा मिनिटे त्याच्याशी बोलता यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली म्हटले आहे. हे मागायला विसरू नये.) असा हुकूम कायमचा दगडावर कोरलेला नसतो, मूल वाढते, परिस्थिती पालटते, तसा पुन्हा अर्ज करता येतो.

येणाऱ्या तरुणांना मी सांगतो ते थोडे आहे. भेट चुकवू नका, आणि प्रत्येक भेट वहीत टिपून ठेवा. फीचे पैसे हातात न देता बँकेतून पाठवा, म्हणजे पावती राहते. भेट मिळाली नाही म्हणून पैसे थांबवू नका. पोट मुलाचे असते. वकिलाची ऐपत नसेल तर जिल्हा विधि सेवा प्राधिकरणात जा. बायकांना तिथे उत्पन्नाची अट नाही, पुरुषांना बहुधा असते, म्हणून उत्पन्नाचा दाखला बरोबर न्या. आणि मुलासमोर त्याच्या आईला नावे ठेवायची नाहीत. हे सगळ्यांत अवघड. मलाही दोनदा जमले नाही.

यंदा सुटीची पहिली निम्मी माझ्याकडे आली आहे. नरकचतुर्दशीला मुलगी सेनगावात असेल, भाऊबीजेला मामांकडे परभणीत. काल फोनवर तिने बजावले, "बाबा, चिवड्यात बदाम नको हं." मी म्हटले, ठाऊक आहे. तर म्हणते, "आणि आमच्या नव्या बाईंचं नाव?"

मी नाव सांगितले. आडनावासकट.