पोकळ भिंतीचा भरीव विचार

फराळाच्या गडबडीत ज्यांच्या हाताशी करंजीचा साचा असतो, त्या गृहिणींना साच्याचे मोल वेगळे सांगायला नको. दोन पाखे, मध्ये एक बिजागरी, एवढेच ते यंत्र. पारी ठेवावी, सारण भरावे, पाखे मिटावेत, उघडावेत. करंजी सुटून हातात येते. पहिल्या करंजीला जो साचा, तोच शंभराव्या करंजीला. करंजी तेवढी खाऊन संपते, साचा पुढच्या दिवाळीसाठी फळीवर जाऊन बसतो. स्वयंपाकघरातली ही साधी युक्ती घराच्या भिंतीला लावली तर? मिटणारा, उघडणारा, पुन्हापुन्हा वापरता येणारा साचा. त्यात काँक्रीट भरायचे, आणि करंजीत सारण असते तिथे मात्र ठेवायची निव्वळ हवा!

कल्पना गमतीची वाटेल, पण तिच्यामागचा प्रश्न गमतीचा नाही. तो समजून घ्यायचा तर थोडे मराठवाड्यात जायला हवे.

झरीचा उन्हाळा

परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर झरी हे गाव लागते. काळ्या जमिनीचा हा मुलूख. पावसाळ्यात ही जमीन फुगते, उन्हाळ्यात आकसते, हातभर भेगा टाकते आणि वरच्या भिंतींनाही तडे द्यायला लावते. मे महिन्यात परभणीचा पारा ४२-४३ अंशांच्या पुढे सहज जातो. अशा ठिकाणी भिंत म्हणजे केवळ आडोसा नव्हे. ती माणसाची छत्री, पंखा आणि पांघरूण असे सर्व काही असते.

जुन्या लोकांनी हे ओळखले होते. पांढरीच्या मातीच्या किंवा दगडमातीच्या दोन-दोन, तीन-तीन फूट रुंद भिंती, वर लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि त्यावर मातीचे जाड माळवद. दुपारचे ऊन ही भिंत पिऊन टाकी आणि ती आतून तापेपर्यंत रात्र उजाडे. पण अशा भिंतीला जागा फार लागते, माती लागते, दरवर्षी लिंपण-सारवण लागते आणि ते करणारी माणसे लागतात. ती माणसे आता शहरात आली आहेत. आपल्यापैकीही पुष्कळ जण त्यांतलेच. म्हणून नवे घर होते ते विटांचे, वर स्लॅबचे. दिसायला नेटके, झाडायला सोपे. पण रात्री दहा वाजता भिंतीला हात लावावा तर ती अजून उबदारच! गावी राहिलेले म्हातारे आईबाप अंगणात खाट टाकतात, याचे कारण केवळ चांदण्याची आवड हे नसते.

मग जुनी माळवदाची घरेच बरी होती, असे म्हणावे काय? तेही म्हणवत नाही. ३० सप्टेंबर १९९३ची ती पहाट मराठवाडा विसरलेला नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक झोपले होते. चारच्या सुमारास लातूर-उस्मानाबाद भागात, किल्लारीच्या परिसरात, धरणी हलली आणि काही सेकंदांत हजारो माणसे आपल्याच घराखाली गाडली गेली. माणसांना मारले ते भूकंपाने नव्हे, तर जड माळवदांनी आणि दगडमातीच्या भिंतींनी. त्या भिंती दिसायला एकसंध, पण खऱ्या दोन पदरांच्या: बाहेरचा दगडी चेहरा वेगळा, आतला वेगळा, मध्ये दगडगोट्यांची आणि मातीची भर. दोन्ही चेहऱ्यांना बांधून ठेवणारे आरपार दगड बहुतेक नव्हतेच. धक्का बसताच पदर सुटले आणि छप्पर खाली आले. ही गोष्ट ध्यानात ठेवू या. तिच्याकडे पुन्हा वळायचे आहे.

हवेचे पांघरूण

पोकळ भिंतीचे मर्म हवेत आहे. हवा उष्णता फार नाखुशीने पुढे नेते. निश्चल हवेच्या मानाने काँक्रीट पन्नास-साठपट अधिक सहज नेते. थंडीत एका जाड कांबळीपेक्षा दोन पातळ चादरी ऊबदार वाटतात, कारण दोहोंमध्ये हवा अडकलेली असते. भिंतीचेही तसेच. मात्र पोकळीतली हवा अगदी स्वस्थ बसत नाही. ती तापून वर चढते, निवून खाली उतरते, आणि तापलेला पदर समोरच्या पदराकडे उष्णता थेट फेकतही असतो. त्यामुळे पन्नास-साठपट फायदा मिळत नाही. तरीसुद्धा हिशेब केला, तर दोन इंची बंद पोकळी सुमारे दहा इंची भरीव काँक्रीटइतकी उष्णता अडवते. पोकळी चार इंची केली म्हणून लाभ दुप्पट होत नाही. दोन इंच पुरेत.

वजनाचेही पाहा. दहा फूट लांब, दहा फूट उंच आणि आठ इंच जाड अशी भरीव काँक्रीटची भिंत चार टनांहून अधिक भरते. तीच दोन बाजूंना तीन-तीन इंची पदर आणि मध्ये दोन इंच पोकळी ठेवून केली, तर माल एक चतुर्थांशाने कमी होतो. म्हणजे एकेका भिंतीमागे सुमारे एक टन ओझे वाचले, सिमेंटच्या अडीच-पावणेतीन गोण्या वाचल्या. काळ्या जमिनीवर जेवढे ओझे कमी तेवढे बरे, आणि भूकंपात तर हलकी भिंत केव्हाही कमी वैरी.

एडिसनचे घर का फसले?

साच्यात भिंत ओतण्याची कल्पना जुनी आहे. लडाखकडे लाकडी फळ्यांत माती धुमसाने ठोकून भिंती उभारीत आले आहेत. १८५३ साली फ्रान्वा क्वान्ये याने पॅरिसजवळ सॅं-दनी येथे मातीऐवजी काँक्रीट वापरून घर बांधले. १९०० साली हार्मन पामर या अमेरिकन गृहस्थाने पोकळ ठोकळे पाडण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले, आणि पुढे अशी यंत्रे इतकी स्वस्त झाली की शेतकरी ती टपालाच्या यादीतून मागवू लागले. त्यानंतरच्या दशकांत रॉचेस्टरच्या व्हॅन गिल्डर यंत्राने आणखी एक पाऊल टाकले. ते ठोकळे न पाडता जागच्या जागी पोकळ भिंतच घालीत जाई: जेमतेम ओलसर माल भरावा, ठोकावा, दांडी ओढताच पाखे भिंतीपासून सुटत, आणि यंत्र पुढे सरकवून पुन्हा तेच करावे.

पण सर्वांत गाजला तो थॉमस एडिसनचा प्रयोग. दिव्याच्या या जादूगाराने सिमेंटचा कारखानाही काढला होता. एक अख्खे घर लोखंडी साच्यात एका दमात ओतायचे, असे त्याच्या मनाने घेतले. १९०८ साली त्याने पेटंटासाठी अर्ज केला, १९१७ साली ते मिळाले आणि त्याच वर्षी न्यू जर्सीतील युनियन गावी अशी अकरा घरे उभी राहिली. घरे भक्कम निघाली. त्यांतली बरीचशी शंभर वर्षांनंतरही उभी होती. मग कल्पना फसली कुठे? साच्यात. त्याचे दोन हजारांवर तुकडे होते. इतका अवजड, इतका महाग संच विकत घेणार कोण, आणि वाहून नेणार कसा? घर स्वस्त, पण साचा सोन्याचा, अशी गत झाली.

आपल्याकडे पोकळ काँक्रीट घरोघरी ओळखीचे झाले ते भिंतीतून नव्हे, तर नळातून. १९२६ साली वालचंद हिराचंद यांनी इंडियन ह्यूम पाइप कंपनी काढली. ऑस्ट्रेलियातील ह्यूम यांच्या पद्धतीत पोलादी साचा गरागरा फिरवतात. काँक्रीट कडेला जाऊन बसते आणि पोकळी आपोआप राहते. साचा उघडायचा आणि पुन्हा लावायचा. गावच्या ओढ्यावरच्या नळकांडी पुलात हेच नळ असतात. आज मुंबईच्या उंच इमारतींत ‘मायव्हन’ या नावाने ओळखले जाणारे ॲल्युमिनियमचे साचे शंभराहून अधिक वेळा वापरले जातात. परंतु तिथल्या भिंती असतात भरीव, आणि उन्हाळ्यात तापतातही.

साचा मिटतो कसा?

झरीसारख्या गावाला एडिसनचा राक्षसी साचा नको आणि मायव्हनचाही नको. हवा आहे तो एका माणसाला उचलता येईल असा. सेंट्रिंगवाल्यांकडे तीन फूट बाय दोन फूट मापाच्या लोखंडी प्लेटा असतातच. बाहेरची आणि आतली बाजू त्यांनी बंद होते. खरी कारागिरी आहे ती मधल्या गाभ्याची. काँक्रीट आवळू लागले की गाभ्याला घट्ट धरते; मग सरळ डबा ओढला तर निघत नाही, आणि निघाला तर भिंत घेऊन निघतो. म्हणून गाभा तीन भागांचा करतात: दोन्ही बाजूंना दोन पत्रे आणि मध्ये खाली निमुळती होत गेलेली पाचर. पाचर वर खेचली की पत्रे एक-दोन सूत आत सरकतात, काँक्रीटपासून सुटतात आणि गाभा अलगद बाहेर येतो. करंजीच्या साच्याला तुपाचा हात लावतात, तसा इथे तेलाचा लावावा लागतो.

गाभा काँक्रीट जरा आवळताच हलवून मोकळा करावा. बाहेरच्या प्लेटांना मात्र सोळा ते चोवीस तास हात लावू नये, असे आपले भारतीय मानक सांगते. साहजिकच दिवसाला एक थर, दोन फुटांचा. दोन फूटच का? ओले काँक्रीट पाण्याच्या सुमारे अडीचपट जड असते. उंच भरत गेलो, तर तळाशी त्याचा रेटा असा वाढतो की प्लेटा फुगतात आणि भिंतीला पोट येते. दोन फुटांच्या बेताने पाच दिवसांत दहा फूट भिंत उभी राहते. पंचवीस चौरस मीटरच्या छोट्या घराच्या बाहेरच्या भिंतींना सभोवार एक थर लावायचा, तर दोन्ही बाजू मिळून पंचेचाळीसच्या आसपास प्लेटा लागतील.

उष्णता एक सांगते, भूकंप दुसरे

आता किल्लारीच्या त्या दोन पदरांकडे वळू. पोकळ भिंतही दोन पदरांचीच. उष्णता म्हणते, पदर एकमेकांना मुळीच जोडू नका. जिथे जोडाल तिथून मी आत येईन. भूकंप म्हणतो, घट्ट जोडा. नाहीतर मी ते सोलून काढीन. दोघांनाही पूर्ण खूश करता येत नाही. आणि निवडच करायची झाली, तर घामापेक्षा जीव मोलाचा, हे सांगायला इंजिनियर लागत नाही.

म्हणून पोकळी सलग न ठेवता ठरावीक अंतरावर काँक्रीटच्या उभ्या फळ्या ठेवून दोन्ही पदर एकजीव करायचे. कोपऱ्यांत आणि दारा-खिडक्यांच्या बाजूंना पोकळीत उभी सळी घालून ती काँक्रीटने भरून टाकायची; जोत्याला, दारा-खिडक्यांच्या माथ्यावर आणि छपराखाली घराभोवती सळईचा पट्टा फिरवायचा. माणसाच्या कमरपट्ट्यासारखा हा पट्टा चारी भिंतींना एकत्र धरतो. थोडी उष्णता या फळ्यांतून आत येईल, येऊ द्यावी. किल्लारीची गोष्ट दूरची किंवा जुनी म्हणून सोडून देण्यासारखी नाही. २०२४च्या मार्चमध्ये आणि जुलैमध्ये हिंगोली भागातून आलेले धक्के परभणीपर्यंत जाणवले होते, आणि १९९९पर्यंत हिंगोली परभणी जिल्ह्यातच होती.

दुसरी सावधगिरी छपराची. सूर्य दिवसभर डोक्यावर असतो, भिंतीवर थोडा वेळच. भिंत कितीही पोकळ केली आणि वर उघडा स्लॅब तापत ठेवला, तर अर्धे काम वाया गेले समजावे. पश्चिमेची भिंत आणि छप्पर यांची काळजी सर्वांत आधी. तिसरी सावधगिरी पाण्याची. काँक्रीटला निदान सात दिवस ओलावा हवा, आणि हा तो मुलूख आहे, जिथे एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. भिंतीला ओले गोणपाट गुंडाळून सकाळ-संध्याकाळ भिजवले, तर थोडक्या पाण्यात भागते. बादलीने भिरकावलेले पाणी भिंतीपेक्षा जमिनीलाच अधिक मिळते.

साचा कोणाचा?

शेवटी प्रश्न उरतो तो पैशाचा. एडिसन जिथे अडखळला, तिथेच झरीतला शेतकरी अडखळेल काय? समजा, गाभ्यांसह साच्याचा एक संच दोन लाखांना पडला. एका घरासाठी घेतला, तर तो घराइतकाच महाग. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेत मैदानी भागातील घराला केंद्राने ठरवलेले साहाय्य एक लाख वीस हजारांचे; त्यात साचाच बसायचा नाही. पण तोच संच चाळीस घरांना फिरला, तर प्रत्येक घरामागे पाचच हजार. म्हणजे साचा स्वस्त की महाग, हे लोखंडाच्या भावावर तितके अवलंबून नाही, जितके तो किती अंगणांत फिरतो यावर आहे.

आणि फिरत्या वस्तूंचे शास्त्र आपल्या खेड्यांना शिकवायला नको. लग्नकार्यातली मोठी पातेली, पराती, ताटे कोणी एकटा विकत घेत नाही. ती गावाची असतात. कार्य झाले की घासून, मोजून परत येतात, आणि एखादा झारा कमी भरला तर तो कोणाकडे राहिला हे साऱ्यांना ठाऊक असते. भिंतीचा साचा असाच गावाचा का असू नये? ग्रामपंचायतीने घ्यावा, बचत गटाने घ्यावा किंवा चार गवंड्यांनी मिळून घ्यावा. नावनिशी भाडे ठरावे, आणि काम झाले की प्लेटा खरवडून, तेलाचा हात देऊन परत कराव्यात. एडिसनजवळ बुद्धी होती, पैसा होता, कारखाना होता. नव्हती ती आपल्या लग्नाच्या भांड्यांची रीत.

दिवाळी सरली की खेड्यात बांधकामाचे दिवस येतात. विहिरींना पाणी असते, ऊन सोसवण्याजोगे असते, सुगीचा पैसा हाती आलेला असतो. शहरात नोकरीला असलेली मुले सुट्टीवर घरी आलेली असतात आणि ओट्यावर नव्या घराच्या गोष्टी निघतात: खोल्या किती, दार कोणत्या दिशेला, फरशी कोणती. त्या बोलण्यात एक प्रश्न भिंतीचाही निघावा. ती आतून कशी आहे? तिला कमरपट्टा आहे का? आणि आई दुपारी दोन वाजता तिला टेकून बसू शकेल का?