महामारीत अस्थिरोगाचा बाह्यरुग्ण विभाग थांबतो तेव्हा

बडोद्याच्या पश्चिम भागातील गोत्री येथे जीएमईआरएस वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे ते जुन्या क्षयरोग रुग्णालयाच्या आवारात. एके काळी संसर्गाच्या रुग्णांसाठी असलेली ही जागा पुढे सर्वसाधारण रुग्णालय झाली आणि २०२० मध्ये कोविडसाठी राखून ठेवल्यामुळे पुन्हा संसर्गाकडेच वळली. त्याच सुमारास गोव्यात मडगावच्या ईएसआय रुग्णालयाचेही असेच रूपांतर झाले. असा निर्णय अपरिहार्य असतो. परंतु रुग्णालयाचे दार एका आजारासाठी उघडताना ते इतरांसाठी अरुंद होते. अस्थिरोगाच्या रुग्णांना त्याची झळ कशी बसते, हे सहसा आकडेवारीत दिसत नाही.

२० मार्च २०२० रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याची सूचना केली. जगभर हेच घडले. त्या वर्षीच्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाच्या अंदाजानुसार महामारीच्या ऐन भरातील १२ आठवड्यांत जगात सुमारे २ कोटी ८४ लाख नियोजित शस्त्रक्रिया रद्द अथवा लांबणीवर पडणार होत्या, आणि त्यांत सर्वाधिक, म्हणजे ६३ लाख, अस्थिरोगाच्या होत्या. गुडघा किंवा खुबा बदलण्याची शस्त्रक्रिया थांबू शकते, असे त्यामागचे गृहीतक. वेदना वाढते, चालणे घटते, पण जीव जात नाही.

अडचण आहे ती ‘तातडीचे’ आणि ‘थांबू शकणारे’ या दोनच कप्प्यांत. अस्थिरोगाच्या बाह्यरुग्ण विभागातील पुष्कळ काम या दोहोंच्या मध्ये बसते. मनगट मोडलेल्या रुग्णाला प्लास्टर घातले की उपचार संपले असे नव्हे. आठवड्याभरात पुन्हा एक्स-रे काढून हाड जागेवरून सरकले नाही ना, हे पाहावे लागते. सरकले असेल तर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ते पुन्हा बसवता येते. त्यानंतर हाड वाकडेच जुळू लागते आणि ते सरळ करायला शस्त्रक्रिया लागते. हाड टाळेबंदी पाळत नाही. ते आपल्या गतीने जुळत राहते, बरोबर अथवा चुकीचे.

जन्मतः पाऊल आत वळलेल्या बाळाचे, म्हणजे क्लबफूटचे, तसेच. पोन्सेटी पद्धतीत दर आठवड्याला पाऊल थोडे वळवून नवे प्लास्टर घालतात. अशी पाच ते सात प्लास्टरे लागतात. पुढे तीन महिने जवळजवळ पूर्ण वेळ आणि नंतर चार-पाच वर्षांचे होईपर्यंत झोपेत विशेष बूट घालावे लागतात. मध्येच खंड पडला तर पाऊल पुन्हा वळू लागते. पालकांच्या दृष्टीने ही ‘नियमित तपासणी’. प्रत्यक्षात मात्र ती मुदतीचीच बाब.

अंतराचा प्रश्न याहून बिकट. बडोद्याच्या सरकारी रुग्णालयांवर छोटा उदेपूर, पंचमहाल आणि सीमेपलीकडच्या मध्य प्रदेशातील आदिवासी कुटुंबेही अवलंबून असतात. गोव्यात बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाकडे काणकोण-सत्तरीबरोबरच दोडामार्ग-सावंतवाडीचे रुग्ण येतात. बस बंद आणि सीमेवर तपासणी असताना प्लास्टर दाखवायला कोण निघणार? जवळच्या हाडवैद्याचा घट्ट लेप आणि बांबूच्या पट्ट्या तेव्हा सोयीच्या वाटतात, आणि तेथेच रक्ताभिसरण अडण्याचा धोका असतो.

२५ मार्च २०२० रोजी केंद्राने दूरध्वनीवरील वैद्यकीय सल्ल्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. तिचा उपयोग झाला, हे मान्यच. जुन्या कंबरदुखीवर व्यायाम सांगणे किंवा मोबाईलवर पाठवलेला एक्स-रे पाहणे त्यामुळे शक्य झाले. पण सांधा किती हलतो आणि बोटांना संवेदना आहे का, हे हात लावल्याशिवाय नीट कळत नाही. म्हणून प्लास्टर असलेल्या रुग्णाला काही लक्षणे आधीच सांगून ठेवणे महत्त्वाचे: बोटे निळी अथवा पांढरी पडणे, बधिर होणे, औषधानेही न थांबणारी आणि वाढत जाणारी वेदना. अशा वेळी फोनवर वाट न पाहता जवळचे रुग्णालय गाठावे, मग महामारी असो वा नसो.

टाळेबंदीत रस्ते ओस पडल्याने अपघातांतील अस्थिभंग घटले; घरातल्या न्हाणीघरात घसरणारे वृद्ध मात्र तितकेच राहिले. आणि विभाग पूर्ववत सुरू झाले तेव्हा एक नवा रुग्णवर्ग दारात उभा होता. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी जुलै २०२१ मध्ये कोविडनंतर मांडीच्या हाडाचा गोळा रक्तपुरवठ्याअभावी झिजलेले तीन रुग्ण वैद्यकीय नियतकालिकात नोंदवले. तिघांनाही कोविडसाठी स्टिरॉइड दिलेले होते, आणि त्रास सुरू झाला तो कोविडच्या निदानानंतर सरासरी दोन महिन्यांत. प्रारंभी साधा एक्स-रे निर्दोष दिसू शकतो. निदान एमआरआयने होते. कोविडमध्ये स्टिरॉइड घेतलेल्या व्यक्तीची जांघ दुखू लागली, तर तो थकवा किंवा वाताचा त्रास समजून दुर्लक्ष करू नये. गोळा खचण्याआधी निदान झाल्यास औषधांनी खुबा वाचण्याची शक्यता असते. नंतर बहुधा तो बदलावाच लागतो.