नाव यादीत हवेच!

गेल्या रविवारी मतदार नोंदणीचे नमुना ६ चे अर्ज घेऊन आम्ही काही कार्यकर्ते भिवंडीतील आपल्या वस्तीत फिरत होतो. एका घरातील मुलगी नुकतीच १८ वर्षांची झाली आहे. वडील यंत्रमागावर कामाला. रात्रपाळी करून आलेले, डोळे तारवटलेले. त्यांनी अर्ज तसाच कोरा परत केला. म्हणाले, "भाऊ, आमची जिंदगी रांगेत उभं राहण्यात गेली. पक्षाचे तुकडे किती झाले, तुम्हीच मोजा. आता पोरीला तरी त्या नादाला लावू नका."

मुलगी दारातच उभी होती. तिने सगळे ऐकले.

त्यांचा मला राग आला नाही. गटबाजीची बातमी वाचून मीही कितीदा पेपर घडी करून ठेवला आहे. पण आपली निराशा आपण मुलांच्या नावावर करून ठेवायची काय?

बाबासाहेब १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत मुंबईत पराभूत झाले. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही हरले. ज्यांनी देशाला मताचा अधिकार लिहून दिला, त्यांनाच मते कमी पडली! तरी ते घरी बसले नाहीत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखोंना त्यांनी धम्माची दीक्षा दिली.

नामांतराचे उदाहरण घ्या. विधिमंडळाचा ठराव झाला २७ जुलै १९७८ रोजी. त्यापायी मराठवाड्यात आपली घरे जळली, माणसे मारली गेली. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव लागले १४ जानेवारी १९९४ रोजी, तेही नामविस्तार म्हणून. मध्ये साडेपंधरा वर्षे गेली. ठरावाच्या वेळी पाळण्यात असलेले मूल तोवर दहावीच्या वयाचे झाले होते. लढणाऱ्यांपैकी कित्येकांना त्या विद्यापीठाची पायरी चढायचीच नव्हती. ते लढले पुढच्यांसाठी.

आणि आपली भिवंडी? १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी हे गाव बदनाम झाले. इथे काही सुधारणार नाही, असेच सारे म्हणत. त्यानंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या. दोन्ही समाजांतील साधी माणसे पोलिसांसोबत एकत्र बसू लागली. लहानसहान तंटे तिथेच मिटू लागले. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत सुमारे ९०० माणसे मेली, पण भिवंडी शांत राहिली. मी तेव्हा शाळकरी पोर होतो. त्या बैठकांत बसलेल्या माणसांमुळे आमची शाळा सुरू राहिली, हे पुढे मोठेपणी कळले.

मागावर धागा तुटला तर कारागीर माग सोडून घरी जात नाही. गाठ मारतो आणि पुन्हा सुरू करतो. हे त्या बापाला मी काय शिकवणार? तेच तर त्याचे रोजचे काम.

म्हणून पालकांनो, एवढेच करा. नेत्यांवर जरूर टीका करा, पण "काही होणार नाही" हे वाक्य मुलांसमोर बोलू नका. अठरावे लागले की नाव नोंदवा. वॉर्डाच्या सभेला जाताना मुलीलाही सोबत न्या.

निघताना मी अर्ज पुन्हा पुढे केला नाही. उंबऱ्याबाहेर चप्पल घालत होतो, तेव्हा आतून आवाज आला, "भाऊ, फोटो किती लागतात?"

आवाज वडिलांचा होता.