मोराच्या पोटातले जंत आणि औषधाचा हिशेब

ऑगस्ट-सप्टेंबर आला की मोराचा पिसारा गळू लागतो. दरवर्षीचीच गोष्ट असल्याने प्राणीसंग्रहालयातल्या पिंजऱ्यात एखादा मोर या दिवसांत मलूल दिसला, तरी ‘पिसे झडताहेत, होईल नीट’ असे म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष होण्याची शक्यता असते. पण पक्षी हातात घेऊन छातीवरून बोट फिरवले की खरी स्थिती कळते. छातीचे हाड दोन्ही बाजूंच्या मांसात दडलेले असायला हवे. ते सुरीच्या पात्यासारखे हाताला लागले, तर पक्षी काही आठवड्यांपासून खंगतो आहे असे समजावे. अशा पक्ष्याची विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर बरेचदा जंतांची अंडी सापडतात.

पक्षी आजार लपवतात. रानात दुबळा दिसणारा पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतो, त्यामुळे मोर शेवटपर्यंत धडधाकट असल्यासारखाच वावरतो. तो पंख ढिले सोडून कोपऱ्यात बसला, याचा अर्थ आजार बराच पुढे गेला आहे. मग घाई होते आणि हाताशी असेल ते जंतनाशक दाण्यात कालवले जाते. चूक होते ती इथेच. कोणता जंत, किती औषध आणि केव्हा, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय दिलेले औषध कधी वाया जाते, तर कधी पक्ष्याच्याच जिवावर उठते.

जंत अनेक, घरेही अनेक

मोर हा कोंबडी, टर्की, तित्तर यांच्या कुळातला पक्षी. त्यामुळे त्यांचे बहुतेक जंत त्यालाही होतात. लहान आतड्यात राहणारा ॲस्कॅरिडिया हा गोलकृमी बोटाएवढा लांब वाढतो. पिल्लांच्या आतड्यात त्याचा गुंता झाला, तर वाटच बंद होते. केसासारखा बारीक कॅपिलॅरिया आतड्याच्या अस्तरात घुसतो. तो डोळ्यांना सहज दिसत नाही, पण पक्ष्याला झपाट्याने खंगवतो. सिंगॅमस नावाचा लाल जंत थेट श्वासनलिकेत राहतो. त्याचे नर-मादी कायमचे एकमेकांना चिकटलेले असतात आणि इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखे दिसतात. हा जंत झालेले पिल्लू मान ताणून, चोच उघडून श्वास घेते. पट्टकृमी मुंग्या, माश्या, भुंगेरे यांच्यामार्फत पोटात जातात आणि विष्ठेत त्यांचे तांदळाच्या कणीसारखे तुकडे दिसतात.

प्रत्येकाला एकच औषध चालत नाही. पायपेराझिन मोठ्या गोलकृमीला लुळे पाडून बाहेर काढते, पण कॅपिलॅरियावर त्याचा भरवसा धरता येत नाही. पट्टकृमीसाठी प्राझिक्वान्टेलसारखे वेगळे औषध लागते. आयव्हरमेक्टिन पट्टकृमीवर चालतच नाही. लेव्हामिसोल प्रभावी आहे, मात्र त्याची उपचाराची मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर कमी. म्हणून पहिली पायरी विष्ठेच्या तपासणीची. माणसांच्या प्रयोगशाळेत वापरतात तीच साधी पद्धत इथेही चालते: मिठाच्या दाट द्रावणात विष्ठा कालवली की जंतांची अंडी वर तरंगतात. अंडी रोज सारखी पडत नाहीत, त्यामुळे दोन-तीन दिवसांचे नमुने एकत्र तपासलेले बरे.

कोंबडी, गांडूळ आणि मोर

सर्वांत घातकी ठरतो तो मात्र एक क्षुल्लक दिसणारा जंत, हेटेरॅकिस. लांबी जेमतेम सेंटिमीटरभर. लहान आणि मोठे आतडे मिळतात तिथे पक्ष्यांना दोन बंद पिशव्या असतात, त्यांत हा राहतो. स्वतः फारसा त्रास देत नाही. पण त्याच्या अंड्यात हिस्टोमोनास नावाचा एकपेशीय जीव लपून प्रवास करतो. हा जीव उघड्यावर काही तासांत मरतो, जंताच्या अंड्याच्या कवचात मात्र मातीत वर्षानुवर्षे टिकतो. टर्कींवरच्या संशोधनातून १९२० च्या सुमारास हे कोडे उलगडले. या जिवामुळे त्या पिशव्या आणि यकृत सडू लागते, विष्ठा गंधकासारखी पिवळी होते. टर्कींचे कळपच्या कळप याने मेले आहेत आणि मोराची पिल्लेही याला बळी पडतात.

कोंबडी हा जंत पोटात बाळगून बहुधा ठणठणीत फिरते आणि त्याची अंडी सगळीकडे सांडते. गांडूळ ती अंडी गिळते, मोर गांडूळ खातो. म्हणून मोर पाळण्याची परवानगी असलेल्या देशांत अनुभवी पाळणारे मोर आणि कोंबड्या एका आवारात ठेवत नाहीत. जंतनाशकाने हेटेरॅकिस मरतो. आधीच शरीरात शिरलेला हिस्टोमोनास त्याने मरत नाही, कारण तो जंतच नव्हे. त्यासाठी वेगळे उपचार लागतात आणि ते पशुवैद्यकानेच ठरवायचे असतात.

औषध कुठे घाव घालते

पक्ष्यांमध्ये सर्रास वापरले जाणारे फेनबेन्डाझोल हे आपल्या मुलांना मिळणाऱ्या अल्बेन्डाझोलचे भावंड. दोन्ही औषधे जंताच्या पेशीतल्या ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाला चिकटतात. या प्रथिनापासून पेशीचा आतला सांगाडा बनतो. तो मोडला की जंताला ग्लुकोज शोषता येत नाही आणि तो उपाशी मरतो. याला वेळ लागतो. त्यामुळे पक्ष्यांमध्ये एका मोठ्या डोसापेक्षा योग्य मात्रा सलग काही दिवस देणे अधिक परिणामकारक ठरते.

ट्युब्युलिन मोरातही आहे आणि माणसातही. औषध जंताच्या प्रथिनाला कितीतरी घट्ट धरते, म्हणून ते सुरक्षित. पण मात्रा वाढली किंवा दिवस लांबले, तर झपाट्याने विभागणाऱ्या पेशींना त्याची झळ लागते: अस्थिमज्जा, आतड्याचे अस्तर आणि पक्ष्यांच्या बाबतीत वाढती पिसे. हायडॅटिड सिस्टच्या रुग्णाला अल्बेन्डाझोल दीर्घकाळ देताना डॉक्टर ठरावीक दिवसांनी रक्तातल्या पेशी मोजायला सांगतात, ते याच कारणाने. पक्ष्यात नवी पिसे फुटत असताना हे औषध दिले, तर ती वाकडी, खुरटी येऊ शकतात.

म्हणजे पिसारा गळून नवा येत असतो, तेच दिवस या औषधासाठी अडचणीचे. प्रकृती परवानगी देत असेल, तर जंतनाशक पिसे गळण्याआधी किंवा नवी पिसे पूर्ण वाढल्यावर द्यावे. जंतांनी जीव धोक्यात आला असेल, तर पिसांचा विचार मागे पडतो. पिल्लांना तर पिसे फुटत असतात आणि जंतांचा धोकाही त्यांनाच जास्त. तिथे दोन्ही बाजू तोलणे हेच वैद्यकाचे काम.

वजनाशिवाय मात्रा नाही

पूर्ण वाढलेला मोर साधारण चार ते सहा किलोंचा, लांडोर त्याहून बरीच हलकी. अंदाजाने ठरवलेली मात्रा एकाला कमी आणि दुसरीला जास्त पडते. औषध पाण्यात टाकण्याची पद्धतही फसवी. फेनबेन्डाझोल पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसते. शिवाय पावसाळ्यात पक्षी पाणी कमी पितात. दाण्यात मिसळले, तर दांडगा नर पोटभर खातो आणि ज्याला औषधाची खरी गरज, तो आजारी पक्षी मागे राहतो. अपुरी मात्रा मिळालेल्या पक्ष्यातले चिवट जंत तगतात आणि पुढे त्या औषधाला दाद देईनासे होतात. आजारी पक्ष्याला वेगळे ठेवून, वजन करून, मोजलेले औषध देणे कष्टाचे असले तरी खात्रीचे आहे. मोर पकडताना घाबरून स्वतःला इजा करून घेतो, म्हणून ते काम सकाळच्या गारव्यात, सरावलेल्या हातांनीच व्हावे. दहा-चौदा दिवसांनी विष्ठा पुन्हा तपासावी. अंडी कमी झाली नसतील, तर औषध, मात्रा किंवा निदान यांपैकी काहीतरी चुकले आहे.

खरा साठा मातीत

ॲस्कॅरिडियाचे अंडे विष्ठेतून पडल्याबरोबर बाधा करत नाही. उबदार, ओलसर मातीत आत अळी तयार व्हायला त्याला साधारण दोन आठवडे लागतात. रोज विष्ठा उचलली, तर अंडे पिकण्याआधीच बाहेर जाते. जी अंडी मातीत राहिली, ती महिनोन् महिने टिकतात आणि नेहमीच्या जंतुनाशकांना पुरून उरतात. त्यांना मारतात ऊन आणि कोरडेपणा. म्हणून पिंजऱ्यात निचरा होणारी वाळू, उंचावर ठेवलेली खाण्याची भांडी, वरचा मातीचा थर अधूनमधून बदलणे आणि पिल्लांना जुन्या जमिनीपासून दूर वाढवणे, हे उपाय औषधाइतकेच मोलाचे. नवा पक्षी आला, तर त्याला वेगळे ठेवून, तपासूनच इतरांत सोडावे.

रानातल्या मोराला औषध नको

मोर १९६३ पासून भारताचा राष्ट्रीय पक्षी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला सर्वोच्च संरक्षण दिले आहे. तो घरी पाळता येत नाही आणि त्याच्यावर परस्पर उपचारही करता येत नाहीत. तरी गावोगावी मोरांना दाणे टाकणारी माणसे आहेत. एखादा पक्षी अशक्त दिसला की त्यांच्यातल्या कुणाला शाळेत मिळालेली मुलांची गोळी कुटून दाण्यात मिसळावीशी वाटते. हेतू चांगला, परिणाम उलटा. ते दाणे पारवे आणि होलेही टिपतात, आणि पारवे-होल्यांच्या वर्गात या गटातल्या औषधांची विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. एका जिवाला मानवणारे औषध दुसऱ्याला मारू शकते, हे आपण गिधाडांच्या बाबतीत पाहिले आहे. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकने गिधाडे संपत आली आणि २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घालावी लागली.

निरोगी रानमोराच्या पोटात थोडे जंत असतातच आणि तो त्यांच्यासह जगतो. तो रोज नव्या जागी चरतो, त्यामुळे विष्ठा एकाच ठिकाणी साचत नाही. आपण रोज एकाच अंगणात दाणे टाकले, तर हे गणित बिघडते. उकिरड्यावर कोंबड्याही असतील, तर आणखीच. मोरांवर माया असेल, तर दाणे टाकण्याची जागा सतत बदलावी, कोंबड्यांचा वावर असलेली जागा टाळावी, किंवा दाणे टाकणे थांबवून बांधावरची झाडे-झुडपे राखावीत. आजारी मोर दिसला, तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

मोराचे जंत मुलांना होतील का, ही शंका अनेक पालकांना येते. मोराचा गोलकृमी वेगळा आणि माणसाचा वेगळा. मोराचा जंत माणसाच्या आतड्यात संसार थाटत नाही. विष्ठेतून साल्मोनेलासारखे जिवाणू मात्र येऊ शकतात, त्यामुळे वेचलेली पिसे हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. मुलांसाठीची गोळी मुलांनाच द्यावी. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनाला, १० फेब्रुवारीला, ती १ ते १९ वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत आणि शाळेत मोफत मिळते. गोळी घेऊन मूल पुन्हा उघड्या पायांनी घाणीत फिरले, तर काही महिन्यांत जंत परत येतात. मोराच्या पिंजऱ्यातही हाच नियम लागू आहे. औषध पोट साफ करते. जमीन साफ करण्याचे काम माणसालाच करावे लागते.