माणूस काढण्याआधी माणूस पाहू द्या

शालेय चित्रकलेतील सर्वांत अवघड भाग कोणता, असे विचारले तर बहुतेक कलाशिक्षक मानवाकृतीकडे बोट दाखवतील. बादली, फुलदाणी, पाने-फुले यांच्याशी आठवी-नववीचा विद्यार्थी निर्भयपणे झुंजतो. परंतु माणूस काढावयाचा म्हटले की त्याचा हात आखडतो. लहानपणी हाच मुलगा पाटीवर बेधडक माणसे काढीत असतो. तेराव्या-चौदाव्या वर्षी डोळा चिकित्सक होतो, हात मात्र मागे राहतो; आणि 'मला चित्रकला येत नाही' असा निकाल तो स्वतःच स्वतःविरुद्ध देऊन मोकळा होतो. पुष्कळांच्या बाबतीत हा निकाल जन्मभर फिरत नाही.

अशा वेळी शाळा त्याच्या हाती काय देते? तयार साचे. एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांत स्मरणचित्र असते. नावाप्रमाणे पाहता, डोळ्यांनी पाहिलेले आठवून काढणे त्यात अभिप्रेत आहे. प्रत्यक्षात डोक्यावर घागर घेतलेली बाई, टोपलीमागे बसलेला विक्रेता, पाठमोरा गृहस्थ अशा चार-सहा आकृती घोकून घेतल्या जातात. आणि विषय बाजार असो की बसथांबा, त्याच मंडळींची तेथे बदली होते. श्रेणीला दहावीच्या वाढीव गुणांची जोड मिळाल्यावर हा साच्याचा मार्ग अधिकच सोयीचा झाला. न पाहता काढलेल्या चित्राला स्मरणचित्र म्हणणे ही स्मरणाची थट्टाच होय.

यावर एक साधा उपाय कलाशाळांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. इंग्रजीत त्याला 'जेश्चर ड्रॉइंग' म्हणतात. न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमधील शिक्षक किमॉन निकोलाइडीस यांनी त्याची पद्धतशीर मांडणी केली. त्यांचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १९४१ साली प्रसिद्ध झाले. त्यांच्या शिकवणुकीचे सार असे की, समोरचा माणूस दिसतो कसा हे काढू नका. तो करतो आहे काय, ते काढा. त्यासाठी वेळ अर्धा ते एक मिनिट. नाक-डोळे, बोटे, कपड्यांची बटणे यांना त्यात स्थान नाही. शरीराचा झोक कोणीकडे आहे, भार कोणत्या पायावर आहे, पाठीचा कणा कसा वाकला आहे, एवढे पकडावयाचे. एका पायावर भार देऊन उभ्या असलेल्या माणसाची कंबर एकीकडे कलते आणि खांदे बहुधा उलट दिशेला. हे एकदा डोळ्यांना दिसले की लाकडी बाहुल्यासारखा ताठ माणूस कागदावर उतरणे कठीण.

ही दृष्टी आपल्याला परकी नाही. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून काढलेली वारली आकृती पाहा. तिला चेहरा नसतो, तरी तारप्याच्या नाचातील तिचा वेग कोणालाही जाणवतो. १९३८ च्या हरिपुरा काँग्रेससाठी नंदलाल बोस यांनी ढोलकी, सुतार, कष्टकरी स्त्रिया यांची चित्रे केली. मोजक्या, जोरकस फटकाऱ्यांत श्रम करणारे शरीर कसे उभे राहते, हे त्यांत दिसते. दुर्दैव असे की वारली आकृतीही आपण मुलांना पाहावयास शिकवीत नाही. ती वहीच्या कडेला नक्षी म्हणून उतरवून घेतो.

वर्गात साठ मुले, तासिका पस्तीस मिनिटांची, साहित्याला पैसा नाही, हे आक्षेप नवे नाहीत. पण या अभ्यासाला लागते काय? पाठकोरे कागद, मऊ पेन्सिल किंवा कोळशाची कांडी, आणि आळीपाळीने समोर येणारे वर्गबंधू. एकाने दप्तर उचलावे, दुसऱ्याने ओले कापड पिळण्याचा आविर्भाव करावा, तिसऱ्याने खो मिळताच उठणाऱ्या खेळाडूसारखे झेपावयाच्या तयारीत थांबावे. पुढे येणे मात्र ऐच्छिक हवे. या वयातील संकोचाचा मान राखला पाहिजे. खोडरबर दप्तरात राहू द्यावे. एका तासिकेत प्रत्येकाच्या दहा-पंधरा आकृती सहज होतात. एकेका चित्राला गुण न देता पहिल्या आठवड्याचे कागद दहाव्या आठवड्याच्या कागदांशेजारी ठेवावेत. प्रगती मुलालाच दिसते.

हे पुरेसे आहे असे मात्र कोणी समजू नये. नुसत्या झपाट्याची सवय लागली तर रेघोट्यांनाच चित्र समजण्याचा धोका आहे. प्रमाण, सांध्यांची रचना, वस्त्रांच्या चुण्या यांचा सावकाश अभ्यास पाठोपाठ आलाच पाहिजे. पण क्रम महत्त्वाचा: आधी चैतन्य, मग तपशील.

२००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कलाशिक्षण दहावीपर्यंत अनिवार्य असावे असे सुचविले होते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मात्र सहावी ते आठवीसाठी, तेही शंभराहून अधिक मुले असतील तेथेच, अंशकालीन कलानिदेशकाची तरतूद केली. शब्द आणि व्यवहार यांतील हे अंतर शासनाने मिटविलेच पाहिजे. तोवर आहे त्या तासिकेत शिक्षकाला एवढे करता येईल. आपल्या मुलांपैकी फार थोडी चित्रकार होतील. परंतु ओझे वाहणाऱ्या माणसाच्या पाठीचा बाक ज्याने एकदा मन लावून पाहिला, त्याला तो माणूस पुढे सहसा अदृश्य राहत नाही. शाळेने द्यावयाच्या शिक्षणात ही गोष्ट गौण कशी मानावी?