बर्फाच्या पोटांतील रंग

१८३९ सालीं कॅप्टन जेम्स रॉस ‘एरेबस’ व ‘टेरर’ हीं दोन जहाजें घेऊन दक्षिण ध्रुवाकडे निघाले, तेव्हां त्यांजबरोबर जोसेफ हूकर हा बावीस वर्षांचा तरुण डॉक्टर होता. तेथील समुद्रावरच्या बर्फांत त्यास ठिकठिकाणीं मळकट तपकिरी छटा आढळली. दुसऱ्या कोणी ती माती म्हणून सोडून दिली असती. परंतु सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतां ती डायटम नांवाच्या एकपेशी वनस्पतींची दाटी निघाली. कांचेसारख्या द्रव्याच्या डबींत राहणारें हें शेवाळ होय.

बर्फांत वनस्पति वाढते हीच गोष्ट प्रथम चमत्कारिक वाटते. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावरील मॅकमर्डो साउंड या खाडींत सुमारें चार महिने सूर्य उगवत नाहीं. उगवला तरी वर एक-दोन मीटर जाड बर्फ व त्यावर हिमाचा थर. खालीं प्रकाशाचा पुष्कळदां शंभरावा हिस्साही पोंचत नाहीं. तेथें बर्फाच्या अगदीं तळच्या कांहीं सेंटिमीटरांत, खाऱ्या पाण्याच्या बारीक नळ्यांतून, हें शेवाळ वाढतें. जो निळा-हिरवा प्रकाश झिरपून येतो तो टिपण्यासाठीं त्याजपाशीं हरितद्रव्याखेरीज फ्यूकोझँथिन नांवाचें तपकिरी रंगद्रव्य असतें. हूकरला दिसलेली छटा ती हीच.

या रंगांचा नाश कसा होतो हें पाहणें त्याहून मौजेचें आहे. हरितद्रव्याचा रेणू म्हणजे एक वलय, मध्यभागीं मॅग्नेशियमचा अणु, आणि मागें एक लांब शेपटी. (आपल्या रक्तांतील तांबड्या द्रव्यांतही असेंच वलय आहे, पण मध्यें लोखंड, निसर्ग एकच सांचा दोन ठिकाणीं वापरतो.) पालेभाजी झांकण ठेवून फार वेळ शिजविली, किंवा तींत चिंच आधीं घातली, कीं हिरवेपणा जाऊन ती पिंगट होते, हें गृहिणींस सांगावयास नको. आम्ल वलयांतून मॅग्नेशियम काढून घेतें व फिओफायटिन उरतें. बर्फाखालीं चूल नाहीं. तेथें हें काम पोटांत होतें. क्रिल नांवाचे झिंग्यासारखे जीव व त्यांहून बारीक कोपेपॉड हें शेवाळ चरतात. त्यांच्या पचनमार्गांत मॅग्नेशियमही जातें, शेपटीही तुटते, आणि विष्ठेंतून फिओफॉर्बाइड बाहेर पडतें. उलट कोणी न खातां पेशी नुसती फुटली, तर तिच्यांतीलच एक एंझाइम पुष्कळदां केवळ शेपटी तोडतें. मॅग्नेशियम शाबूत राहतें. तेव्हां पाण्यांतील अवशेष तपासून शेवाळ खाल्लें गेलें कीं आपोआप मेलें, याचा एक प्रकारें पंचनामाच करितां येतो. मात्र हा पुरावा एकटा ग्राह्य धरूं नये. मरणोन्मुख पेशींतही यांपैकीं कांहीं द्रव्यें तयार होतात.

उन्हांत रोज वाळणारें रंगीत लुगडें लवकर विटतें. या अवशेषांचाही मोठा वैरी प्रकाशच, दुसरा प्राणवायु. बर्फाखालीं अंधार असतो, आणि किनाऱ्याजवळ पाणी उथळ असल्यास अवशेष लवकर तळ गांठतात. तेथील चिखलांत प्राणवायु कमी असला तर ते शतकानुशतकें टिकतात, व चिखलाचा खांब काढून पूर्वीं तेथें किती शेवाळ पिकत असे याचा अंदाज बांधतां येतो.

हा अंदाज आज फार हवा आहे. हिवाळ्यांत खुल्या पाण्यांत अन्न जवळजवळ नसतें. त्या वेळीं क्रिलचीं पिलें बर्फाची खालची बाजू खरवडून जगतात, आणि पुढें त्याच क्रिलवर पेंग्विन, सील व देवमासे जगतात. बर्फाचें छत पातळ झालें तर प्रकाश वाढून शेवाळ कांहीं काळ अधिक पिकेलही. पण खरवडावयास छतच नसलें तर पिलांस त्याचा उपयोग नाहीं. सप्टेंबर २०२३ मध्यें, म्हणजे ऐन विस्ताराच्या दिवसांत, अंटार्क्टिकाभोंवतालचा समुद्रबर्फ सुमारें १ कोटी ७० लक्ष चौरस किलोमीटरांवरच थांबला. १९७९ पासून उपग्रहांनीं ठेवलेल्या नोंदींत इतका तोकडा हिवाळी विस्तार त्यापूर्वीं आढळला नव्हता.